शून्याचें घर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यानें नीस शहरापासून इटलीच्या सरहद्दीकडे जातांना डोंगर आणि समुद्र यांच्या सांदींत मोनाको नांवाचें एक चिमुकलें संस्थान लागतें. त्याच्या एका टेकडीवर मॉन्टे कार्लोचें जगप्रसिद्ध द्यूतगृह उभें आहे. संगमरवरी खांब, सोनेरी नक्षीचीं छतें, भोंवतालचा बगीचा, हा सारा थाट पाहून प्रथमच आंत पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या मनांत एकच विचार येतो: येथें किती पैसा जिंकतां येत असेल! वस्तुतः त्यानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. ह्या खांबांचा, ह्या छतांचा आणि ह्या बगीच्याचा खर्च कोणीं दिला? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यास उमगलें, त्यास कॅसिनोचें सारें शास्त्र उमगलें. आणि तें उत्तर कॅसिनोच्या इतिहासांत चांगलें ठळक अक्षरांनीं लिहिलेलें आहे.

द्यूताचें व्यसन फार प्राचीन. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त म्हणजे एका हरलेल्या जुगाऱ्याचा विलापच होय. परंतु जुगार खेळणारा आणि जुगाराचें घर चालविणारा ह्या दोन अगदीं भिन्न व्यक्ति आहेत, हें कौटिल्यानें जितक्या स्वच्छ दृष्टीनें पाहिलें तितकें फार थोड्यांनीं पाहिलें असेल. अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्षाचा स्वतंत्र अधिकार सांगितला आहे. खेळ नेमलेल्या एकाच ठिकाणीं व्हावा, फांसे अध्यक्षानेंच पुरवावे, त्यांचें भाडें घ्यावें आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच काढून घ्यावे, असा तेथें नियम आहे. कोण जिंकला व कोण हरला याची राजाच्या तिजोरीस पर्वा नाहीं. खेळ झाला कीं तिचे पांच ठरलेले. ही दस्तुरी उघड होती, खेळणाऱ्यास ती डोळ्यांनीं दिसत होती. युरोपांतील द्यूतगृहांनीं पुढें जी करामत केली ती हीच कीं, ही दस्तुरी त्यांनीं खेळाच्या पोटांतच दडवून ठेविली.

युरोपांत राजमान्यतेनें उघडलेलें पहिलें नामांकित द्यूतगृह व्हेनिसचें. इ. स. १६३८ मध्यें तेथील प्रजासत्ताकानें कार्निव्हलच्या दिवसांकरितां 'रिदोत्तो' सुरू केलें. येणाऱ्यानें मुखवटा घालून यावें असा दंडक होता. पत्ते वांटण्यास मात्र उघड्या तोंडाचे सरदार बसत, आणि त्यांत निर्धन झालेल्या घराण्यांतील पुष्कळ असत. तेथील आवडत्या खेळांचे नियमच वांटणाऱ्याच्या बाजूस किंचित् झुकते होते. सरकारच्या तिजोरींत पैसा येत होता. परंतु तें सरकार ज्यांच्या बळावर चालावयाचें तीं घराणींच एकामागून एक धुळीस मिळत होतीं. अखेर १७७४ मध्यें, एकशें छत्तीस वर्षांनंतर, व्हेनिसच्या महासभेनें स्वतःच तें दार लावून घेतलें.

रिदोत्तोचा भर असतांनाच फ्रान्समध्यें ह्या दडलेल्या दस्तुरीचें गणित जन्मास येत होतें. शेव्हालिए द मेरे नांवाच्या एका खेळाच्या षोकी गृहस्थानें आपले कूटप्रश्न पास्कलपुढें मांडले, आणि १६५४ मध्यें पास्कल व फेर्मा ह्या दोन गणितज्ञांत त्यांवर पत्रव्यवहार झाला. एक फांसा चार वेळां टाकला असतां निदान एकदां तरी सहा पडण्याचा संभव १२९६ मध्यें ६७१, म्हणजे निम्म्याहून किंचित् अधिक आहे. परंतु दोन फांसे चोवीस वेळां टाकून एकदां तरी दोन्ही सहा पडण्याचा संभव निम्म्याहून किंचित् कमी भरतो. पहिल्या पैजेवर नित्य पैसा लावील तो हळूहळू श्रीमंत होईल, दुसरीवर लावील तो हळूहळू निर्धन होईल. आणि ह्या दोहोंतील भेद दहावीस डावांत कोणाच्याहि नजरेस येणार नाहीं. १७१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या याकोब बर्नुलीच्या ग्रंथानें ह्याचें मर्म सिद्ध केलें: डाव जितके अधिक होतील, तितकें प्रत्यक्ष निकालाचें प्रमाण गणितानें सांगितलेल्या प्रमाणाच्या जवळ येत जातें. थोड्या डावांत दैव बलवत्तर असतें, पुष्कळ डावांत गणित. खेळणारा येतो तो थोड्या डावांसाठीं. द्यूतगृह मात्र वर्षानुवर्षें सर्व खेळणाऱ्यांचे सर्व डाव खेळत असतें.

हें गणित चाकावर बसविण्याचें काम रूलेटनें केलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या द्यूतगृहांत हें चक्र रूढ झालें. त्यावर १ पासून ३६ पर्यंत आंकड्यांचीं घरें, निम्मीं तांबडीं व निम्मीं काळीं. आणि त्यांवेगळीं आणखी दोन घरें, एक शून्याचें व एक दुहेरी शून्याचें. चक्र फिरवून त्यावर उलट दिशेनें एक लहानशी गोळी सोडतात, आणि ती ज्या घरांत विसावेल तें घर जिंकतें. १८३७ च्या अखेरीस फ्रान्सनें सार्वजनिक द्यूतगृहें बंद केलीं, तेव्हां हा धंदा ऱ्हाइन नदीपलीकडच्या जर्मन संस्थानांत अधिकच फोंफावला. तेथें हॉम्बुर्ग ह्या औषधी झऱ्यांच्या गांवीं फ्रान्स्वा व लुई ब्लां ह्या जुळ्या भावांनीं १८४१ मध्यें आपलें द्यूतगृह उघडलें, आणि १८४३ मध्यें एक अजब गोष्ट केली. त्यांनीं आपल्या चक्रावरचें दुहेरी शून्याचें घर काढून टाकलें! मालकानें आपल्याच हातानें आपली मिळकत घटविली, असें वरवर पाहणाऱ्यास वाटावें. परंतु ब्लां हा भोळा नव्हता.

त्याचा हिशेब असा. एकेरी शून्याच्या चक्रावर ३७ घरें असतात. तांबड्या रंगावर शंभर रुपये लाविले आणि तांबडें घर आलें तर आणखी शंभर मिळतात. परंतु जिंकून देणारीं घरें १८ आणि हरविणारीं १९, कारण शून्य तांबडेंहि नाहीं आणि काळेंहि नाहीं. एखाद्या आंकड्यावर पैसे लाविले तर जिंकल्यास ३५ पट मिळतात, पण घरें आहेत ३७. कोणत्याहि बाजूनें मोजलें तरी ३७ भागांतील एक भाग, म्हणजे शंभर रुपयांमागें सरासरीनें दोन रुपये सत्तर पैसे, मालकाकडे राहतात. शून्यें दोन असलीं तर हाच आंकडा शेंकडा सव्वापांचांच्या किंचित् वर जातो. ब्लांनें आपली दस्तुरी जवळजवळ निम्म्यावर आणली, हें खरें. पण त्यामुळें शेजारच्या गांवचे खेळणारे त्याच्याकडे वळले. त्यांचे पैसे अधिक वेळ पुरूं लागले, म्हणून ते अधिक वेळ बसूं लागले.

कौटिल्याच्या पांच टक्क्यांशीं तुलना केली तर ही दस्तुरी अगदीं सौम्य भासते. पण कौटिल्याचा अध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यावर दस्तुरी घेई. येथें ती पणाला लाविलेल्या प्रत्येक रुपयावर बसते, आणि तोच रुपया रात्रभर पुनः पुनः पणाला लागतो. तासाला चाळीस डाव व दर डावास शंभर रुपये धरले, तर तासाभरांत चार हजार रुपये पणाला लागतात, मग खिशांत आरंभीं दोनच हजार कां असेनात. चार हजारांवरील सरासरी दस्तुरी १०८ रुपये. चार तास बसणाऱ्यांपैकीं एखादा हजार रुपये जिंकून उठेल, दुसरा दोन हजार हरून उठेल. पण अशा असंख्य माणसांचा हिशेब एकत्र केला तर प्रत्येकानें सरासरीनें ४३२ रुपये मागें ठेविलेले आढळतील. त्या ४३२ रुपयांतून खांब उभे राहतात.

ह्याच शून्याच्या बळावर एक सबंध राज्य तरलें. मेंतों व रोकब्रून हीं मोनाकोचीं दोन गांवें १८४८ मध्यें संस्थानिकाच्या अमलांतून फुटून निघालीं, आणि १८६१ च्या तहानें चाळीस लक्ष फ्रँकांच्या मोबदल्यांत तीं फ्रान्सकडे गेलीं. राज्याची बहुतेक सारी भूमि गेली आणि तिच्याबरोबर उत्पन्नहि गेलें. द्यूतगृह काढून पैसा उभारण्याचे यत्न १८५६ पासून चालू होते. पण तेथवर पोंचण्याची सोय धड नव्हती आणि खेळणारे फिरकत नसत. १८६३ मध्यें तो मक्ता फ्रान्स्वा ब्लांच्या हातीं आला. १८६६ मध्यें त्या टेकडीस राजे तिसरे चार्ल्स यांच्या नांवावरून मॉन्टे कार्लो, म्हणजे चार्ल्सची टेकडी, असें नांव मिळालें. १८६८ मध्यें आगगाडी आली. १८६९ मध्यें रहिवाशांवरील प्रत्यक्ष करच माफ झाले. १८७२ च्या अखेरीस जर्मनींतील द्यूतगृहें बंद पडलीं, तेव्हां त्यांची गिऱ्हाइकेंहि इकडे लोटलीं. ब्लां १८७७ मध्यें वारला तो अगडबंब संपत्ति मागें ठेवून. पॅरिसच्या ऑपेरागृहाचा शिल्पकार शार्ल गार्निए यानें बांधलेलें नाट्यगृह १८७९ मध्यें द्यूतगृहास जोडलें गेलें. आणि ह्या साऱ्या वैभवांत एक नियम कटाक्षानें पाळला गेला: मोनाकोच्या प्रजाजनांनीं तेथें खेळतां कामा नये.

पण बाहेरून येणाऱ्यास ह्या नियमाचा अर्थ सहसा सुचत नाहीं, कारण त्याच्या कानांवर जिंकणाऱ्यांच्याच कथा येतात. १८९१ मध्यें चार्ल्स वेल्स नांवाच्या इंग्रजानें मॉन्टे कार्लोची 'बँक फोडली' आणि त्याच्यावरील गाणें इंग्लंडभर गाजलें. बँक फोडणें म्हणजे द्यूतगृहाचें दिवाळें काढणें नव्हे. एका टेबलापाशीं ठेविलेली रक्कम संपली म्हणजे त्यावर काळें वस्त्र अंथरीत, आंतून नवी रक्कम आणीत आणि खेळ पुनः सुरू करीत. त्या काळ्या वस्त्राइतकी उत्तम जाहिरात दुसरी नव्हती. वेल्स पुनः आला आणि हरला. तो ज्या पैशानें खेळत होता तोहि दुसऱ्यांचा होता. भलत्यासलत्या शोधांच्या नांवाखालीं त्यानें तो लोकांकडून उकळला होता. १८९३ मध्यें त्यास फसवणुकीबद्दल आठ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि १९२२ मध्यें पॅरिसमध्यें तो दारिद्र्यांत मेला. गाणें मात्र जिंकलेल्या दिवसांचेंच राहिलें.

द्यूतगृहाला खरोखर जिंकणारा एक माणूस त्याच शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला. यॉर्कशरच्या कापडगिरण्यांच्या धंद्यांतील जोसेफ जॅगर ह्यास ठाऊक होतें कीं, कोणतेंहि चाक अगदीं निर्दोष फिरत नाहीं. त्यानें माणसें लावून चक्रांवर पडणारे आंकडे टिपून घेतले, एका चक्राचा कल हेरला आणि त्यावर मोठी रक्कम मिळविली. द्यूतगृहानें युक्ति ओळखून चक्रांत फेरफार केले, तेव्हां जॅगर उरलेली मिळकत घेऊन घरीं गेला. त्यानें शून्यावर मात केली ती दैवानें नव्हे, तर चक्रांतील दोष शोधून. आणि दोष नाहींसा होतांच तो उठला, हें त्याचें खरें चातुर्य. पुढें चक्रें अधिकाधिक काटेकोर होत गेलीं.

जॅगरप्रमाणें उठतां न येणाऱ्यांत एक प्रतिभावान् पुरुष होता. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की ह्यानें १८६३ मध्यें वीसबाडेन येथें बरीच मोठी रक्कम जिंकली, आणि तेंच त्याचें दुर्दैव ठरलें. पहिल्या भेटींत हरणारा कदाचित् शहाणा होऊन परततो. जिंकणाऱ्यास मात्र वाटतें कीं आपणांस गुरुकिल्ली सांपडली. १८६६ मध्यें देण्यांनीं गांजलेल्या ह्या लेखकानें प्रकाशकाची मुदत पाळण्यासाठीं 'जुगारी' ही कादंबरी अवघ्या सव्वीस दिवसांत तोंडीं सांगून लिहवून घेतली. ती टिपून घेणारी तरुणी ॲना पुढें त्याची पत्नी झाली. १८६७ मध्यें बाडेन-बाडेन येथें तिचे दागिने व लग्नाची अंगठीसुद्धां गहाण पडली. जुगाऱ्याचें मन एवढें उघडें करून दाखविणारा हा माणूस स्वतःच्या मनास आवरूं शकला नाहीं. १८७१ मध्यें वीसबाडेनला पुनः सर्व हरल्यावर त्यानें पत्नीस पत्र लिहून खेळ कायमचा सोडला, आणि मरेपर्यंत तो शब्द पाळला. ज्ञान असणें आणि उठतां येणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

न उठण्यास जीं निमित्तें सांपडतात त्यांत दोन भ्रम मुख्य आहेत. पहिला असा कीं, एक रंग पुष्कळ वेळां आला म्हणजे आतां दुसरा यावयासच हवा. १९१३ च्या ऑगस्टमध्यें मॉन्टे कार्लो येथें एका टेबलावर काळा रंग लागोपाठ सव्वीस वेळां आल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आतां तांबडा येणारच, अशा खात्रीनें लोकांनीं तांबड्यावर राशी ओतल्या आणि त्या गमावल्या. गोळीला स्मरणशक्ति नसते. तरी अजूनहि टेबलाशेजारीं मागील आंकड्यांचा फलक मोठ्या तत्परतेनें झळकत ठेवितात, तो द्यूतगृहाच्या उपयोगाचा आहे म्हणूनच.

दुसरा भ्रम दुपटीचा. शंभर लावावे, हरल्यास दोनशें, मग चारशें, असें करीत गेलें कीं केव्हां तरी जिंकून सर्व भरून येतें व वर शंभर उरतात, असें सांगण्यांत येतें. परंतु लागोपाठ आठ डाव हरले तर २५,५०० रुपये गेलेले असतात आणि शंभर रुपयांच्या प्राप्तीसाठीं नवव्या डावास २५,६०० काढावे लागतात. तोंपर्यंत एक तर खिसा संपतो किंवा टेबलाची कमाल मर्यादा आड येते. एकेरी शून्याच्या चक्रावर अशी आठांची माळ सुमारें २०७ प्रयत्नांत एकदां येते. उरलेल्या २०६ प्रयत्नांचे मिळून २०,६०० रुपये हातीं आले, तरी त्या एका प्रयत्नांत २५,५०० जातात. शून्याची दस्तुरी येथेंहि चुकत नाहीं. फक्त ती हप्त्यांऐवजीं एकदम भरावी लागते.

ह्या इतिहासांतून प्रथम भेट देणाऱ्यास जो व्यवहार निघतो तो थोडक्यांत असा. आंत जातांना आपण पैसा मिळविण्यास नव्हे, तर एक करमणूक विकत घेण्यास चाललों आहों, असें समजावें. नाटकाच्या तिकिटास जेवढे दिले तर मन हळहळत नाहीं तेवढीच रक्कम रोख बरोबर घ्यावी, आणि परतीचें भाडें निराळ्या खिशांत ठेवावें. पैशाऐवजीं रंगीत चकत्या हातांत येतात, त्या पैसाच आहेत हें विसरूं नये. चक्रावर शून्य एक कीं दोन हें आधीं पाहावें. लास व्हेगासला कांहीं टेबलांवर आतां तिहेरी शून्यहि आलें आहे आणि तेथें दस्तुरी शेंकडा साडेसातांच्या वर जाते. शून्य आल्यास रंगावरील निम्मी रक्कम परत मिळण्याचा नियम एखाद्या टेबलावर असला, तर तेथें रंगावरील दस्तुरी निम्मी होते. सर्वांत लहान डाव कोणता तो विचारून घ्यावा आणि मनगटावरचें घड्याळ पाहत राहावें, कारण भिंतीवर तें बहुधा नसतें. आणि गेलेला पैसा परत मिळविण्यासाठीं नवा पैसा काढूं नये, उसना तर मुळींच घेऊं नये.

महाभारतांतील वनपर्वांत, सर्वस्व हरून वनांत आलेल्या युधिष्ठिरास बृहदश्व ऋषि नलाची कथा सांगतात. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नुसत्या नजरेनें मोजून दाखवितो आणि नलास अक्षहृदय, म्हणजे फांशांचें रहस्य, शिकवितो. द्यूत आणि गणना यांचा संबंध त्या कथाकारास ठाऊक होता. आणि विशेष हें कीं, तें रहस्य हातीं आल्यावर नल रात्रभर खेळत बसला नाहीं. त्यानें पुष्करास एकाच डावाचें आव्हान दिलें, राज्य परत घेतलें आणि खेळ संपविला.

मॉन्टे कार्लोची टेकडी दूर असली तरी तिची सावली मांडवी नदीवर पडलेली आहे. गोव्यांत १९७६ च्या जुगारबंदी कायद्यांत दुरुस्त्या होऊन १९९२ मध्यें पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्यें जहाजांवरील टेबलांना वाट मिळाली. महाराष्ट्रानेंहि १९७६ मध्यें कॅसिनोंचें नियंत्रण व त्यांवरील कर यांविषयीं कायदा केला होता. तो कधींच अमलांत आला नाहीं आणि २०२३ मध्यें रद्द झाला. त्यामुळें मुंबई-पुण्याच्या पुष्कळ कुटुंबांना कॅसिनोचें पहिलें दर्शन पणजीच्या धक्क्यावरूनच घडतें. रात्रीं नदींत उभ्या असलेल्या जहाजांचे दिवे पाण्यांत थरथरतात आणि लहान नांवा नवख्या मंडळींना त्यांकडे नेत असतात. २०२० च्या फेब्रुवारींत गोवा सरकारनें ह्या कॅसिनोंत खुद्द गोमंतकीयांना प्रवेशबंदी लागू केली. नांवेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं पाहुण्यानें क्षणभर ह्या गोष्टीचा विचार करावा. ज्या घरचे लोक आपल्या मुलांना त्या ताटावर बसूं देत नाहींत, तेथील पाहुण्यानें भूक बेताचीच ठेवावी.